‘चुलत्यावर गेलाय’ हे त्यालाही ऐकू जातंय

या महिन्यात पत्रांची थप्पी उघडली तर तीन पत्रं तीन ठिकाणांहून आलेली, पण सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच, माणूस जसा असतो तसा कशामुळं असतो, रक्तामुळं का घरामुळं का आजूबाजूच्या लोकांमुळं. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवलीत, ज्यांचं राहिलं त्यांनी रागावू नका.

प्रश्न : ताई नमस्कार, मी वडवणी तालुक्यातली, नाव छापू नका. पुतणीकडून टाईप करून घेतलंय. मला दोन पोरं, मोठा 17 चा, धाकटा 14 चा. मोठा लई शांत, सांगितलं तेवढं करतो, वर मान करून बोलत नाही. धाकटा भडक डोक्याचा, जरा काही बोललं की ताट भिरकावतो, मागच्या महिन्यात तर शाळेत एका पोराचं डोकं फोडलं. आमचे धाकटे दीर असेच होते, दारू पिऊन मारामाऱ्या करायचे, शेवटी दारूनंच गेले. आता सासूबाई उठता बसता म्हणतेत हा चुलत्यावर गेलाय, खाण तशी माती, ह्याचंही तसंच होणार. दोघंबी एकाच पोटचे, एकाच घरात वाढले, संस्कार सेम, मग असं का व्हावं? रक्तातच असंल तर आपण काय करणार? आम्ही दोघं आधी ऊसतोडीला जायचो, मोठा आजीजवळ राहायचा, धाकटा बारका म्हणून सोबत न्यायचो, चौथीपर्यंत नेला, आता चार वर्षं झाली जात नाही.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वर तुम्ही लिहिलंय एकाच घरात वाढले, आणि शेवटच्या ओळीत सहज लिहून टाकलंय की एक आजीजवळ होता आणि एक तुमच्यासोबत फडात. अहो मग एका घरात कुठं वाढले? दसरा-दिवाळीला गाडी भरली की पाडव्याच्या आसपास वापस, म्हणजे वर्षातला निम्मा काळ एक पोरगं गावातल्या घरात, आजीच्या हातची भाकरी खाऊन झेडपीच्या शाळेत, आणि दुसरं कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत, पहाटे तीनला आई-बाप उठले की तेही उठलं, दिवसभर फडाच्या कडेला, मुकादमाच्या शिव्या ऐकत, आणि पाडव्यानंतर गावात आलं की शाळेत सगळे पुढं गेलेले. मी तुम्हाला दोष देत नाही, उचल घेतल्यावर जावंच लागतं आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, हे इथं कुणाला सांगायचंय. पण संस्कार सेम होते हे वाक्य काढून टाका.

आता रक्ताचं बघू, कारण ते काहीच नाही असं म्हणणारी मी नाही. सख्ख्या भावंडांची जनुकं (जीन्स हो, पॅन्ट नव्हे) सरासरी निम्मीच सारखी असतात. पत्त्याची गड्डी एकच, पण दोनदा पिसून वाटली की हात वेगळा येतो ना, तसं. त्यामुळं एकाच पोटचे असून दोन भाऊ दोन टोकाचे निघतात यात काही अघटित नाही. आणि स्वभावाचा कल पार तान्हेपणापासून दिसतो हेही खरं. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवरा-बायकोनं 1956 पासून शंभरावर लेकरं लहानपणापासून मोठी होईपर्यंत बघितली. काही बाळं पहिल्यापासून सोपी, वेळेवर झोपणार, कुणाकडंही जाणार, काही हट्टी, थोडं बदललं की आकांत, आणि काही बुजरी. पण त्यांना पुढं जे दिसलं ते जास्त महत्त्वाचं, की हट्टी बाळ पुढं बिघडतंच असं नाही, लेकराचा स्वभाव आणि आजूबाजूच्यांची वागणूक यांचा मेळ बसला का नाही यावर बरंच ठरतं. तुमचा धाकटा तान्हा असताना कसा होता ते आठवून बघा. तेव्हाही रडून तळ डोक्यावर घेत असंल तर ते त्याचं मूळ आहे असं समजा. पण तसल्या लेकराला शांत, ठरलेला दिनक्रम लागतो आणि त्याला मिळाला फड.

जुळ्यांचा अभ्यास तुम्ही ऐकला असंल नसंल. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी 1979 मध्ये तो सुरू केला, जन्मल्यावर ताटातूट होऊन वेगळ्या घरांत वाढलेली जुळी शोधायची. सुरुवात झाली ती जिम नावाच्या दोन जुळ्या भावांपासून, दोघांना दत्तक घेणाऱ्यांनी नाव जिमच ठेवलेलं, 39 व्या वर्षी भेटले तर दोघांच्या पहिल्या बायकोचं नाव लिंडा, दुसरीचं बेट्टी. लोक हे फार रंगवून सांगतात. आता बायकोचं नाव काय जनुकात लिहिलेलं असतं का, असे योगायोग कुठल्याही दोन समवयस्क माणसांत शोधले तर निघतातच. पण योगायोग बाजूला ठेवून स्वभाव मोजला तरी वेगळी वाढलेली एकसारखी जुळी, एकत्र वाढलेल्या जुळ्यांइतकीच जवळजवळ सारखी निघाली. म्हणजे रक्ताचा वाटा मोठा आहे. आणि अशा अभ्यासांतून दुसरीही एक गोष्ट निघते जी आई-बापांना आवडत नाही, ती म्हणजे सगळ्या भावंडांना सारखं मिळालेलं घर स्वभावात फार कमी फरक पाडतं, जास्त फरक पाडतं ते प्रत्येकाला वेगळं मिळालेलं, त्याचे मित्र, त्याचे मास्तर, त्याचं आजारपण, आणि तुमच्या घरात त्याचा फड.

मग चुलत्याचं काय. चुलत्या-पुतण्याची जनुकं सरासरी पाव भाग सारखी असतात. पण तेवढाच पाव आत्याचाही, तेवढाच तुमच्या भावाचाही, म्हणजे मामाचा. मामावर गेला असं सासूबाई का म्हणत नाहीत? आणि तो चुलत्याचा पाव मोठ्या पोराच्याही वाट्याला आलाय की, त्याला कुणी म्हणतं का? म्हणत नाही, कारण तो ताट भिरकावत नाही. आधी राग दिसला, मग घराण्यात रागीट माणूस शोधला, तो मेलेला असल्यामुळं उलटून बोलायलाही येत नाही, झालं.

यात एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. दारूच्या व्यसनाची ओढ घराण्यात चालते, हे खरं आहे. म्हणून धाकट्याला, आणि मोठ्यालाही, शांतपणे बसवून सांगा की काका दारूनं गेला, आपल्या घरात हे लवकर लागू शकतं, तर तुम्ही पहिला घोटच घेऊ नका. शुगर असणाऱ्या घरात जसं सांगतो तसं. ‘तू काकासारखा होणार’ हे वेगळं आणि ‘काकाला झालं ते तुला होऊ नये म्हणून सांगते’ हे वेगळं. चौदा वर्षांचं पोरगं रोज ऐकतंय की तुझं ठरलेलं आहे, तर ते कशाला राग आवरंल? वाण नाही पण गुण लागला म्हणतात, ती म्हण शेजारच्या बैलाची, इथं तर मेलेल्या माणसाशेजारी बांधायलेत त्याला.

आता मला तुम्हालाच विचारायचंय. डोकं फोडलं त्या दिवशी वर्गात आधी काय झालं होतं? चौथीपर्यंत अर्धं अर्धं वर्ष शाळा बुडालेली, आता आठवीत असंल, त्याला नीट वाचता येतं का? तीस वर्षं परभणीत मानसशास्त्र शिकवलं, नंतर शाळांत जायला लागले, तिथं किती तरी वेळा बघितलंय की भांडकुदळ म्हणून आणलेलं पोरगं असतं ते वाचता न येणारं पोरगं, मास्तरनं उभं करून वाचायला लावलं, पोरं हसली, आणि मधल्या सुट्टीत हाणामारी. मराठीचं पुस्तक उघडून एक पान त्याला मोठ्यानं वाचायला सांगा, एकट्यात, भावासमोर नाही. अडखळला तर आधी त्याची सोय करा, रागाचं नंतर बघू. तो कशात हुशार आहे तेही लिहा पुढच्या वेळेस, फडात वाढलेली पोरं परक्या माणसाशी बेधडक बोलतात, हिशोबात पक्की असतात, त्याची किंमत शाळेत होत नाही.

मोठ्याबद्दल तुम्ही ‘वर मान करून बोलत नाही’ असं कौतुकानं लिहिलंय. मला खरं सांगू, त्याचीही थोडी काळजी वाटली. तोही अर्धं अर्धं वर्ष आई-बापाशिवाय राहिलाय, फक्त त्यानं ताट फेकलं नाही.

धाकट्याचा राग आवरतच नसंल, स्वतःला किंवा कुणाला इजा करायलाय असं वाटलं तर वाट बघू नका. 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढायचा आणि दाखवायचं, त्यात लाजायचं काही नाही. सासूबाईंना हा अंक वाचून दाखवा, चालंल. त्यांचाही पोरगा गेलाय हो, नातवात तो दिसतोय त्यांना.

प्रश्न : ताई, लातूरला नीटची तयारी करायलोय, दुसरा अटेम्प्ट. रीलमध्ये बघितलं की बुद्धी 50 टक्के आनुवंशिक असते. वडील मोंढ्यात हमाली करतात, आई चौथी शिकलेली. क्लासमध्ये डॉक्टरांची पोरं लई आहेत. मग माझे 50 टक्के तिथंच गेले का?

उत्तर : नाही रे बाबा. तो आकडा बहुतेक 2015 मध्ये आलेल्या एका मोठ्या कामातून फिरतोय, त्यात पन्नास वर्षांचे जुळ्यांचे अभ्यास एकत्र केले होते, 17,804 गुणधर्म आणि जवळपास 1 कोटी 45 लाख जोड्या, आणि सगळ्याची सरासरी निघाली 49 टक्के. आकडा खरा आहे, रीलवाल्यानं अर्थ चुकीचा लावला. 49 टक्के म्हणजे तुझ्या डोक्यातला निम्मा माल बापाकडून आला असं नाही, तर लोकालोकांत जो फरक दिसतो त्यातला किती फरक जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, एवढंच.

भाकरीवर सांगते. समज सगळ्या गावाला रेशनचं एकच पीठ मिळालं, तर कुणाची भाकरी फुगली आणि कुणाची चिरली हा सगळा फरक हाताचा आणि जाळाचा. उलट सगळ्यांची चूल सेम, तवा सेम, हात सेम, तर जो फरक उरंल तो पिठाचा. म्हणजे टक्का काही भाकरीत नसतो, गावात किती सारखेपणा आहे त्यावर बदलतो. आणि एका भाकरीला विचारलं की तू किती टक्के पीठ आणि किती टक्के जाळ, तर ती काय सांगणार? वर अजून एक, पीठ विरी गेलेलं असलं तर आई काय करते, टाकून देते का? कढत पाणी घालून मळते आणि थापते.

आणि डॉक्टरच्या पोराशी तुझी तुलना करताना तर तो आकडा चालतच नाही. तो दोन चुलींचा फरक आहे, त्याला पाचवीपासून क्लास, स्वतःची खोली, घरात डाऊट विचारायला माणूस. तुझ्या वडिलांना शिकायला मिळालं नाही त्यावरून त्यांची बुद्धी कशी मोजणार? निझामाच्या राज्यात मराठवाड्यात कॉलेज म्हणजे दुर्मिळ गोष्ट होती. 1950 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद कॉलेज सुरू केलं आणि ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाटी नव्हती त्या घरांतली पोरं प्राध्यापक, लेखक, अधिकारी झाली. एका पिढीत जनुकं बदलतात का? दार उघडलं, एवढंच झालं. जगातही तेच दिसलं, जेम्स फ्लिन यांनी दाखवलं की विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्ध्यांक चाचणीचे गुण दर दहा वर्षाला साधारण 3 नं वाढत गेले, तेही शाळा, खाणंपिणं, राहणीमान बदलल्यामुळं.

तुला सीट मिळंलच असं मी म्हणणार नाही, 20 लाखांच्या वर पोरं बसतात, सीट थोड्या. तिसऱ्या अटेम्प्टचा विचार आला तर वडिलांशी पैशाचं स्पष्ट बोल, आणि बीएस्सी, फार्मसी, नर्सिंगची चौकशी आत्ताच करून ठेव. पण बापाच्या हमालीला मध्ये आणू नको.

प्रश्न : मी उदगीरची, 26 वर्षं, नोकरी करते. घरचे आतेभावाचं स्थळ धरून बसलेत, म्हणायलेत खानदान आपलंच, रक्तातला आहे, स्वभाव माहितीचा, बाहेरचं काय सांगता येतं. शास्त्रात असं काही आहे का?

उत्तर : स्वभावाबद्दल नाही. आतेभाऊ-मामेबहिणीची जनुकं सरासरी आठवा भाग सारखी, साडेबारा टक्के, तेवढ्यावरून तो तुझ्याशी कसा वागंल हे कुणी सांगू शकत नाही. खानदान बघतात ते खरं तर जमीन, जात आणि मान बघतात, स्वभाव हे नाव दिलंय.

शास्त्रात आहे ते दुसरंच. दोघांत एकच दबलेला दोष असण्याची शक्यता वाढते, त्यामुळं अशा जोडप्यांच्या बाळांत जन्मजात व्यंगाचं प्रमाण साधारण दुप्पट होतं, 2-3 टक्क्यांचं 4-6 च्या आसपास. म्हणजे शंभरातली नव्वदच्या वर बाळं ठीकच असतात, घाबरवत नाही, पण घराण्यात थॅलेसेमिया, सिकलसेल, जन्मतः बहिरेपणा असं काही असंल तर होकाराआधी दोघांच्या रक्ताच्या तपासण्या आणि डॉक्टरचा सल्ला, हे ठामपणे सांग.

आणि स्वभाव माहितीचा आहे म्हणतेत तो लग्नकार्यातला, दिवाळीतला स्वभाव. तू त्याला एकदा एकटी भेट. बायकोच्या नोकरीचं, पगाराचं, आई-बापाकडं पैसे पाठवण्याचं काय ते तोंडावर विचार, आणि चहावाल्या पोरानं त्याच्या शर्टवर चहा सांडला तर तो काय बोलतो तेही बघ.