सिनियरचं ऑफिस सोडून कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जावं का? आणि पक्षकार मागे आले तर ती गद्दारी होते का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत एका ज्येष्ठ वकिलांकडे चार वर्षं काढलीत, आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचला, म्हणजे मुंबई हायकोर्टाच्या तिथल्या नव्या बेंचवर, काम करणाऱ्या एका ऑफिसने बोलावलंय. जावं का, सिनियरना कसं सांगावं आणि ओळखीचे पक्षकार मागे आले तर लोक गद्दार म्हणतील का, असे तुमचे प्रश्न आहेत. शेवटचा आधी घेते, कारण तो शब्द मी स्वतः बाररूममध्ये माझ्याबद्दल ऐकलाय.

गद्दारी अजिबात नाही. पक्षकार ही कुणाच्या सातबाऱ्यावर चढलेली जमीन नव्हे. वकीलपत्र तो देतो आणि तोच ते काढूनही घेऊ शकतो. एवढी साधी गोष्ट जिल्ह्याच्या ठिकाणी मोठमोठ्या वकिलांना पटत नाही, हे मी अनुभवलंय.

मी ज्या ऑफिसात होते तिथे दिवाणी काम मोठं होतं. कोल्हापूरचं जिल्हा न्यायालय तेव्हा सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत भरायचं, जिथे आता सर्किट बेंच बसतं. सकाळी सिनियरच्या घराखालचं ऑफिस, मग कोर्ट, संध्याकाळी पुन्हा ऑफिस, शेवटचा पक्षकार उठेपर्यंत. मुदत अर्ज, पुरशिसा (कोर्टाला लेखी कळवायचे कागद), निशाणी ५ चे म्हणजे तात्पुरत्या मनाईचे अर्ज, कैफियती म्हणजे दाव्याला लेखी उत्तरं, सगळं मी लिहायचे. पैशाचं म्हणाल तर दिवाळीला एक पाकीट, आणि मध्ये कधी त्यांच्या मनात आलं तर. गाडीत पेट्रोल वडील भरायचे. शिवाय मुलगी म्हणून वर ऐकायचं, तुला काय, उद्या लग्न होऊन जाशील.

त्या ऑफिसात शिरोळकडच्या एक मावशी यायच्या. भावांविरुद्ध वाटपाचा दावा होता. वडील गेल्यावर वारसाची नोंद लावायला सही लागते असं सांगून भावांनी त्यांना नेलं आणि दुय्यम निबंधकांसमोर हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला. मावशींना अक्षरओळख नव्हती. सिनियरच्या खुर्चीसमोर त्या घाबरून ‘होय साहेब’ एवढंच म्हणायच्या. हकीकत माझ्याजवळ उलगडायची, बाहेरच्या बाकावर, थोडी थोडी. त्या दिवशी कुणाच्या गाडीतून गेल्या, कागद कुणी वाचला, परत येताना भावजयीने काय सांगितलं, हे सगळं मी वहीत उतरवत गेले.

थोरल्या भावाच्या उलटतपासाचे प्रश्न त्याच वहीतून काढले. दस्त बहिणीला कोणी वाचून दाखवला, हा त्यातला एक. त्याने गावातल्या एका मास्तरांचं नाव घेतलं. मास्तर तेव्हा तिथे हजर होते का? होते. मग दस्तावर साक्षीदार म्हणून त्यांची सही का नाही? तिथे तो गप्प झाला. उलटतपास सिनियरनी घेतला, माझ्या कागदावरून घेतला, आणि उत्तम घेतला. कुठे थांबायचं हे त्यांना कळायचं. मास्तरांवर आणखी एक प्रश्न विचारला असता तर भावाने काहीतरी सारवासारव केली असती. त्यांनी विचारला नाही. मी मागे उभी राहून हे शिकले आणि त्याचं मोल मी कमी करणार नाही.

त्याच सुमारास सिनियरच्या मुलाला वकिलीची सनद मिळाली. महिन्याभरात मला सांगण्यात आलं, मावशींची फाईल दादाला समजावून दे, युक्तिवाद तो करेल. तू मागे बस, अडलं तर चिठ्ठी पुढे कर.

मी पुढच्या महिन्यात ऑफिस सोडलं. समोर बसून सांगितलं, पुढच्या सगळ्या तारखा डायरीत उतरवून दिल्या, कपाटाची किल्ली कारकुनाच्या हातात ठेवली. एकाही पक्षकाराला फोन केला नाही. माझ्याकडे त्यांचे नंबरच नव्हते, ते कारकुनाच्या वहीत असायचे.

मावशी स्वतः आल्या. जावयाला घेऊन, पत्ता विचारत, आमच्या घरी. पुढच्या खोलीत मी टेबल मांडलं होतं, पाटीसुद्धा लावली नव्हती. म्हणाल्या, माझं सगळं तुला ठावं आहे, आता नव्या माणसाला मी पुन्हा कुठनं सांगू? मी त्यांना आधी परत पाठवलं. वकीलपत्र सिनियरच्या एकट्याच्या नावाचं होतं. ज्या प्रकरणात आधीच एका वकिलाचं वकीलपत्र आहे तिथे त्याच्या संमतीशिवाय उभं राहायचं नाही, हा बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतला ३९ वा नियम आहे. म्हणून म्हटलं, साहेबांना सांगा, ना-हरकत घेऊन या.

ना-हरकत मिळाली नाही. उत्तर आलं, फी बाकी आहे. मावशी प्रत्येक तारखेला कारकुनाच्या हातात पैसे देत आल्या होत्या, पण पावती एकाही वेळची नव्हती. आपल्याकडे पावती मागणं हाच उद्धटपणा समजला जातो.

पण त्याच नियमात पुढची वाट दिली आहे आणि ती ज्युनियरला कुणी सांगत नाही. संमती मिळत नसेल तर कारण लिहून कोर्टाकडे अर्ज करायचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे पक्षकार लेखी देऊन, कोर्टाच्या परवानगीने, वकीलपत्र संपवू शकतो. आम्ही तसा अर्ज दिला. सिनियर हरकत घ्यायला स्वतः उभे राहिले, एरवी अशा किरकोळ अर्जाला ते मला पाठवायचे. न्यायाधीशांनी मावशींना पुढे बोलावून विचारलं, वकील बदलायचा हे तुमच्या मर्जीने आहे का? मावशी ‘होय साहेब’ म्हणाल्या. अर्ज मंजूर झाला.

फाईल मात्र मिळालीच नाही. फीसाठी वकिलाला पक्षकाराची कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या निकालात स्पष्ट सांगितलंय. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने बिलापोटी फाईली दाबून ठेवल्या होत्या. फी हवी असेल तर वसुलीचे दुसरे मार्ग आहेत, कागद परत द्या, असा त्याचा अर्थ. निकाल माझ्या हातात होता. बार कौन्सिलकडे तक्रार करता आली असती, पण मावशींचं वय झालं होतं आणि त्यांना निकाल हवा होता. तक्रारीत त्यांचं आणखी एक वर्ष घालवायचं नाही असं मी ठरवलं. कोर्टात नकलेचे अर्ज दिले आणि नकला येईपर्यंत मदत अशा ठिकाणाहून आली जिथून मी अपेक्षाच केली नव्हती. भावांचे वकील, म्हणजे माझे विरुद्ध पक्षाचे वकील, त्यांनी आपल्या फाईलमधली दावा-कैफियत आणि साक्षींच्या प्रती माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, झेरॉक्स काढून घ्या, तुमच्याकडे कागद नाहीत म्हणून मला केस जिंकायची नाही. ते आता हयात नाहीत. वकिलीतली सभ्यता कशाला म्हणतात असं मला कुणी विचारलं तर मी त्यांचं उदाहरण देते.

युक्तिवाद मी केला. हक्कसोडपत्र मावशींवर बंधनकारक नाही असा निकाल झाला आणि त्यांचा हिस्सा ठरला.

बाररूममध्ये मात्र पुढचे कित्येक महिने माझ्या बाकावर कुणी बसत नव्हतं. जुन्या ऑफिसातल्या ज्युनियरना माझ्याशी बोलायची बंदी होती. माझ्याच बरोबरीचे एक वकील, जे आज स्वतः चार ज्युनियर ठेवून आहेत, सगळ्यांदेखत म्हणाले होते, ज्या ताटात जेवली त्यातच घाण केली. हे गृहस्थ अजूनही प्रत्येक स्वागत समारंभात ‘हल्लीचे ज्युनियर टिकत नाहीत, सर्किट बेंच आल्यापासून तर पळवापळवी सुरू झालीय’ असं भाषण करतात. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं, ते इथे देते.

शिकवलं म्हणून ज्युनियर जन्माचा बांधला जात नाही. शिकवण्याची किंमत तो कामाने रोजच्या रोज फेडत असतो. ऑफिसचं अर्धं लेखन ज्युनियर करतो, सिनियर दुसऱ्या कोर्टात अडकले तर मुदत तो मागतो, न्यायाधीशांची बोलणी तो खातो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, ज्युनियरला शहरी भागात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत. शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या भागात किती ऑफिसांनी ते वाचलंय हे तुम्हीच आजूबाजूला विचारून बघा. नेमणूकपत्र द्यायचं नाही, मानधन द्यायचं नाही, वकीलपत्रावर नाव घालायचं नाही आणि माणूस निघाला की निष्ठा मागायची, हे न्यायाचं नाही. मुलाला गादीवर बसवायचा हक्क सिनियरला आहे, ऑफिस त्यांचं आहे. पण मग ज्याने ती केस उभी केली त्याला जाऊ द्यायचं मोठेपणही त्यांनी दाखवायला हवं.

आता तुमचं. सर्किट बेंचचं काम १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे येतात. चाळीस वर्षांहून जास्त काळ आम्ही हे मागत होतो. पूर्वी आमचे पक्षकार रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जायचे, दिवसभर हायकोर्टाच्या व्हरांड्यात बसायचे आणि बोर्डावर नंबरच लागला नाही म्हणून परत यायचे. त्यामुळे तिथे काम आहे आणि वाढणार आहे, यात शंका नाही. सातबारा, फेरफार, मराठी साक्ष भराभर वाचून त्यातला मुद्दा काढणाऱ्या माणसाची तिथल्या ऑफिसांना गरज आहे. चार वर्षं ट्रायल, म्हणजे खालच्या कोर्टात साक्षीपुराव्याचं काम, केलेल्या तुमच्यासारख्याला ते जमतं. बोलावलंय ते उपकार म्हणून बोलावलेलं नाही, हे मानधन ठरवताना लक्षात ठेवा आणि आकडा आधीच बोलून घ्या.

पण अपील आणि रिट म्हणजे कागदावरचं काम. साक्षीदार समोर नसतो. उलटतपासात तुमचा जीव रमत असेल तर दोन वर्षांत तुम्हाला तिथे कोंडल्यासारखं होईल. मी त्याच कारणासाठी बेंच दाराशी येऊनही जिल्हा न्यायालयातच राहिले आहे. तुमचा ओढा कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे जा किंवा जाऊ नका हे मी सांगत नाही.

सिनियरना मात्र स्वतः, समोरासमोर सांगा. कारकुनाकडून किंवा बाररूममधून त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. एखाद्या प्रकरणात उलटतपास अर्धा झालेला असेल तर तो संपेपर्यंत थांबा. पक्षकारांचे नंबर, केस डायरीचे फोटो असलं काहीही घेऊन जाऊ नका, आणि आपण होऊन कुणाला फोन करू नका. पक्षकार स्वतः आला तर आधी ना-हरकत मागा, मिळाली नाही तर वर सांगितलेली वाट आहे.

एक धोका तुमच्या प्रश्नात दिसला नाही, पण खरा तोच मोठा आहे. सांगलीत तुमच्या ऑफिसने लढवलेल्या केसचं अपील कोल्हापूरला येणार आणि कदाचित तुमचं नवं ऑफिस विरुद्ध बाजूने उभं असणार. ज्याच्यासाठी तुम्ही काम केलंत त्याच्या विरोधात त्याच प्रकरणात तुम्हाला बसता येत नाही. त्याने विश्वासाने सांगितलेलं ऑफिस सोडल्यावरही उघड करता येत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ व्या कलमात ते आहे. अशा प्रकरणांची यादी पहिल्याच दिवशी नव्या ऑफिसला द्या आणि त्या फाईलींना हात लावू नका. यावर कुणी नाक मुरडलं तर ते ऑफिस तुमच्या कामाचं नाही.

सगळे सिनियर माझ्या सिनियरसारखे नसतात हेही सांगायला हवं. ज्युनियर निघताना त्याला स्वतःच्या दोन फाईली देऊन पाठवणारे वकील मी कोल्हापुरात पाहिलेत. तुमचे तसे असतील तर वरचं निम्मं तुम्हाला लागू होत नाही.

जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशपदाची, परीक्षा डोक्यात असेल तर अजून एक. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात त्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. तिचा दाखला त्या कोर्टातल्या, किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा चालतो, त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा लागतो. तो दाखला तुमच्या सिनियरनेच द्यायला हवा असं नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी अडून राहू नका.

आणि निघण्यापूर्वी कोणकोणत्या वकीलपत्रांवर सिनियरबरोबर तुमचंही नाव आहे ते तपासा. अशा प्रत्येक प्रकरणात पक्षकाराला कळवून, कोर्टाच्या परवानगीने, आपलं नाव कमी करून घ्या. नाहीतर सांगलीत एखादा दावा गैरहजेरीत निकाली निघेल आणि पक्षकार तुमच्याकडे जाब विचारायला येईल.