पहिला पीसी जोडताय? आधी वॉरंटीचं बघा

सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळा, बाकीचं हळूहळू कळत जाईल.

१. पक्कं जीएसटी बिल घ्याच आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात कुणी बिलाशिवाय स्वस्तात देऊ केलं, तर सरळ नको म्हणा.

२. मदरबोर्डच्या (सगळे पार्ट जोडतात तो मुख्य बोर्ड) सॉकेटवरचं, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेवरचं, प्लास्टिकचं झाकण बहुतेक नवखे फेकून देतात. ते जपून ठेवा! इंटेल प्रोसेसरच्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असतात. एक जरी वाकली तरी वॉरंटीचा क्लेम सहसा नाकारतात, आणि बोर्ड सर्व्हिस सेंटरला देताना झाकण लावूनच द्यावा लागतो.

३. एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणारा पार्ट) पैसे वाचवू नका. चांगल्याला ५ ते १० वर्षं वॉरंटी मिळते. भुक्कड असेल तर जाताना बोर्डही घेऊन जातो.

एसएसडी (डेटा साठवणारी ड्राइव्ह) वॉरंटीत बदलून मिळते, आतला डेटा नाही. बॅकअप पहिल्या दिवसापासून ठेवा. अडलं तर बिनधास्त विचारा.