हेक्सप्रूफ असूनही क्रीचर गेला?

प्रश्न: मॅजिक द गॅदरिंग या कार्ड गेममध्ये माझ्या क्रीचरला (लढणाऱ्या प्राण्याच्या कार्डाला) हेक्सप्रूफ ही संरक्षण देणारी क्षमता होती, तरी मित्राने 'सगळे क्रीचर्स डिस्ट्रॉय करा'वालं कार्ड टाकलं आणि म्हणतो तुझाही गेला, असं कसं चालेल?

उत्तर: चालतं हो, मित्राचं बरोबरय. हेक्सप्रूफ फक्त समोरच्याला टार्गेट करू (म्हणजे नेमकं तेच कार्ड लक्ष्य म्हणून निवडू) देत नाही, आणि हे कार्ड टार्गेट करतच नाही, सरसकट सगळ्यांवर पडतं. इंडिस्ट्रक्टिबल (डिस्ट्रॉय न होणारा) असता तर वाचला असता, पण कोणी सॅक्रिफाइस करायला (आपलाच क्रीचर आपणच बळी द्यायला) लावलं की तेही कामाचं नाही (हे मात्र जरा जास्तच क्रूर वाटतं मला). आणि कार्ड जुनं असेल तर छापलेल्या ओळीवरून भांडत बसू नका, गॅदररवर (मॅजिकच्या अधिकृत ऑनलाइन कार्ड-यादीवर) ओरॅकल मजकूर, म्हणजे कार्डाचा सध्याचा अधिकृत मजकूर, बघा, तोच ग्राह्य धरतात.