नागरिकांचा सहभाग आणि कारभाराची रचना यांनी शहराचं आर्थिक धोरण खरंच बदलतं का? पुण्याचा अनुभव काय?

बदलतं, पण निर्णय जिथे होतो तिथे लोक पोचले तरच. पुण्यात बहुतेक वेळा लोकांना बोलावतात एकीकडे आणि निर्णय होतो भलतीकडे.

नागरिकांनी सुचवलेली कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत इथे २००६-०७ पासून आहे. मी दोनदा अर्ज भरला. दुसऱ्या वेळी लिहिलं, आमच्या चौकात संध्याकाळी वीसेक भाजीवाल्या बसतात, त्यांना ओटे बांधा, वर पत्रा टाका, एक नळ आणि एक दिवा द्या. क्षेत्रीय कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज वाचून चष्मा वर सारला. "काका, हे पाच लाखांत बसत नाही. त्यापेक्षा बाक लिहा ना, बाक लगेच होतात." बाक झाले, नावासकट. (कुणाचं नाव, ते पुणेकरांना सांगायला नको.) पाऊस आला की भाजीवाल्या त्या बाकांवर टोपल्या ठेवतात, तेवढाच उपयोग.

साहेबांना तरी काय बोल लावायचा? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची, म्हणजे पालिकांकडे सोपवता येतील अशा विषयांची यादी, आली. तिच्यातल्या १८ विषयांत 'आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन' हा एक आहे. आता प्रत्यक्ष बघा. उद्योगाला जमीन देणार एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ. हिंजवडीला रोज कोथरूड-वारज्याहून माणसं जातात, पण ते आयटी पार्क महापालिकेच्या हद्दीतच नाही. तिथे एमआयडीसी, २०१५ मध्ये आलेली पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि ग्रामपंचायती. रस्ता तुंबला की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. महापालिकेत खरा अधिकार आयुक्तांचा, आणि त्यांना नेमतं राज्य सरकार. महापौर अडीच वर्षं फिती कापतात. जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर पुणेकरांनी हजारो हरकती नोंदवल्या आणि २०१५ मध्ये सरकारने तो आराखडाच महापालिकेकडून काढून घेतला. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच. तेव्हा गाऱ्हाणं सांगायला हक्काचा नगरसेवकही नव्हता.

पैशाचं तर विचारूच नका. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. २०१५ मध्ये ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांचा एलबीटीही गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता हातात उरला मिळकतकर आणि बांधकाम परवानग्यांचं शुल्क, बाकी राज्याच्या अनुदानाची वाट. ज्या घरची चूल बांधकाम शुल्कावर पेटते, त्या घरचं आर्थिक धोरण म्हणजे एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण. ओट्यांतून किती मिळणार!

पण एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, ते कचरावेचकांचं. १९९३ मध्ये त्यांची संघटना झाली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. आमच्याकडे येणाऱ्या मावशी दारातून कचरा घेतात, महिन्याचे पैसे घरोघरी गोळा करतात आणि विकण्याजोगं भंगार त्यांचंच असतं. पूर्वी हेच काम त्या कचराकुंडीत वाकून करायच्या. हे मला खरं स्थानिक आर्थिक धोरण वाटतं, आणि ते कुठल्या अर्जातून आलेलं नाही. पंधरा वर्षं संघटना टिकली, म्हणून पालिकेला तिच्याशी करार करावा लागला. कराराची मुदत संपत आली की काम ठेकेदाराला देण्याची कुजबुज सुरू होते, ते वेगळंच दुखणं.

दुसरी वाट २०१४ च्या पथविक्रेता कायद्याची. त्याप्रमाणे शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. कुणी कुठे बसायचं यावर ही समिती बोलू शकते, माझा अर्ज नाही. मात्र मत द्यायला आधी नोंदणी हवी.

म्हणून तुम्हाला 'जागरूक नागरिक' वगैरे व्हायचं असेल तर सूचनांचा अर्ज जरूर भरा, पण सगळा जीव त्यात घालू नका. आमच्या चौकातल्या भाजीवाल्यांपैकी सात जणींकडे विक्रेता म्हणून प्रमाणपत्र आहे. बाकीच्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि फोटो सध्या माझ्या कपाटाच्या खणात आहेत, सोमवारी घेऊन जायचे आहेत. दोघींचे फोटो अजून यायचेत.