पाहुण्यांसमोर मुलगी गप्प होते

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी घरात अखंड बडबडते, पण पाहुणे आले, की माझ्यामागे लपते. काय करावे? – एक आई, पंचवटी, नाशिक

उत्तर : ‘ती लाजाळूच आहे’ असे तिच्यादेखत सांगणे आधी थांबवावे, कारण मुले असा शिक्का खरा मानून तसेच वागू लागतात. समारंभाला गर्दी जमण्यापूर्वी पोहोचावे आणि तिच्या हाती पेढ्यांची ताटली द्यावी, म्हणजे फारसे न बोलताही ती चारचौघांत वावरेल. कोणी नाव विचारल्यास तिच्या वतीने लगेच उत्तर न देता मनात पाचपर्यंत मोजावे. (कविता म्हणून दाखवण्याचा आग्रह नकोच, ती हौस मोठ्यांची असते.) संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, फिरताना भेळ तिलाच मागू द्यावी. शाळेत मात्र, सुरुवातीचा महिना सोडून, महिनाभराहून अधिक काळ ती मुळीच बोलत नसेल, तर बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.