लघवीच्या दोन रिपोर्टमधे दोन आकडे, खरा कुठला?

प्रश्न : डॉक्टर, सासूबाईंना (वय ६८, शुगर आहे) लघवीला जळजळ होते म्हणून इथल्याच एका छोट्या लॅबमधे तपासणी केली, पस सेल्स (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ८-१० आले. दोन दिवसांनी कॉलेज रोडच्या एका मोठ्या लॅबमधे केली तर डायरेक्ट ४६! मिस्टर म्हणतात इन्फेक्शन पाचपट वाढलं. खरंच का? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, आकड्यापुढचं युनिट बघा आधी. पहिल्यात 'पर एचपीएफ' असणार, म्हणजे लघवी सेंट्रिफ्यूजमधे फिरवून तळाचा गाळ स्लाइडवर घेतला आणि मायक्रोस्कोपच्या एका गोलात किती पेशी दिसल्या ते. दुसऱ्यात 'पर मायक्रोलिटर' असेल, तिथे मशीन ठरावीक थेंबातल्या पेशी मोजतं. ढोबळमानाने मशीनच्या आकड्याला ५ ने भागा, ९ च्या आसपास येतं, म्हणजे गोष्ट जवळपास तीच आहे (हा हिशोब लॅबप्रमाणे थोडा बदलतो, म्हणून रिपोर्टवरची नॉर्मल रेंज बघायचीच).

मशीनपण दोन जातीची असतात. एकात पेशींना चमकणारा रंग लावून लेझरसमोरून एकेक सोडतात, त्याला फ्लो सायटोमेट्री म्हणतात, पस सेल आणि बॅक्टेरिया मोजायला हे फार चांगलं. दुसरं कॅमेऱ्याने फोटो काढतं आणि सॉफ्टवेअर पेशी ओळखतं, मला हे आवडतं कारण शंका आली तर टेक्निशियन फोटो परत उघडून बघू शकतो. पण यीस्ट (एक बुरशी) किंवा ऑक्झलेट क्षाराचे बारीक स्फटिक मशीन कधीकधी लाल पेशी म्हणून मोजतं, आणि किडनीच्या आजारात दिसणारे कास्ट (किडनीच्या नळ्यांमधे तयार होणारे बारीक साचे) ओळखायला अजूनही अनुभवी डोळाच लागतो, म्हणून तिथे स्लाइड लावलीच पाहिजे.

आणि सॅम्पल! घरून डबी भरून एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीतून सिडको ते कॉलेज रोड नेली, वर तिथे लाईनमधे तास गेला, तर बॅक्टेरिया वाढतात, पेशी फुटतात, मग मशीन कितीही भारी असो. लॅबमधेच द्या, सुरुवातीची धार सोडून मधली, दोन तासांच्या आत तपासली जाईल असं बघा.

सासूबाईंना त्रास होतोय आणि शुगर आहे, तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी लघवी कल्चरला (जंतू वाढवून बघायची तपासणी) द्या, साधारण २-३ दिवस लागतात पण कुठला जंतू आणि कुठलं औषध चालेल ते कळतं. मात्र थंडी वाजून ताप किंवा कमरेत दुखत असेल तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. नंतरची तपासणी एकाच लॅबमधे करा म्हणजे आकडे जुळवता येतील.