जर्नल्सचं पॅकेज एवढं स्वस्त, मग लायब्ररी रडते का?

प्रश्न : मी एमएस्सी करतेय. आमच्या लायब्ररियन मॅडम म्हणतात, पब्लिशरच्या जर्नल्सच्या (संशोधनाच्या नियतकालिकांच्या) पॅकेजमुळे पुस्तकांना पैसेच उरत नाहीत. पण एवढी जर्नल्स येतात, एकेकाची किंमत काढली तर किरकोळ निघते की! मग तक्रार कसली?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अगं, भागाकार बरोबर आहे पण आली किती यापेक्षा उघडली किती त्याने भाग, मग बघ. छापील अंकांच्या काळात बजेट कमी पडलं की लायब्ररी चार जर्नल्स बंद करायची, विषय संपला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सगळं ऑनलाइन यायला लागलं तेव्हा मोठे पब्लिशर म्हणाले, आत्ता जेवढे देताय त्यावर थोडे टाका आणि आमची सगळी जर्नल्स घ्या. मोह पडणारच! पण करारात दरवर्षीची वाढ आधीच लिहिलेली, बऱ्याचदा किंमत बाहेर सांगायची नाही अशी अटही, आणि नको असलेली जर्नल्स काढून पैसे वाचवायची सोय जवळपास नाहीच. मग कात्री कुठे लागणार, तर पॅकेजच्या बाहेर जे आहे त्याला, म्हणजे पुस्तकं आणि छोट्या संस्थांची जर्नल्स. त्या छोट्या संस्थाही शेवटी मोठ्या पब्लिशरच्या वळचणीला जातात, नाहीतर त्यांना विचारतो कोण.

सोडता येत नाही असं मात्र नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीने एल्सव्हियर या बड्या पब्लिशरशी बोलणी फिसकटल्यावर करार सोडून दिला, तेही वर्षाला कोटीभर डॉलर देणारं गिऱ्हाईक! 2021 मध्ये परत करार झाला तो ओपन अ‍ॅक्सेसच्या, म्हणजे तिथल्या संशोधकांचे लेख कुणालाही फुकट वाचता यावेत, या अटीवर. न्यूयॉर्कच्या सरकारी युनिव्हर्सिटीने 2020 मध्ये एल्सव्हियरचंच अख्खं पॅकेज सोडून फक्त 248 जर्नल्स ठेवली. बाकीचं दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतं, आणि खरं सांगू, लेखकाला मेल टाकला तर तो बहुतेकदा खूश होऊन पीडीएफ पाठवतो.

आपल्याकडे आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आहे, म्हणजे सरकारी संस्थांसाठी केंद्र सरकारच एकत्र जर्नल्स घेतं, 2025 ते 2027 साठी 6000 कोटी, 30 पब्लिशर, जवळपास 13,000 जर्नल्स. तालुक्याच्या सरकारी कॉलेजला जे कधी परवडलं नसतं ते मिळतंय, याला नावं ठेवणार नाही. पण हेही पॅकेजच, फक्त देशाएवढं, आणि एकदा सगळ्यांना सवय लागली की पुढच्या कराराला सरकार 'नको' कसं म्हणणार, ही धाकधूक मला आहेच.

तू मॅडमकडे वापराचा रिपोर्ट माग, कुठलं जर्नल वर्षात किती वेळा उघडलं ते त्यात असतं.